चोरखिशांतले बारा किलो

खुर्च्यांच्या कारखान्यात पैलवानाचं काम एकच होतं. बसायचं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ‘एकशेवीस किलोंचा माणूस बसवून तपासलेली’ असं लेबल लागे आणि तो माणूस म्हणजे पैलवान. बसायचं, मागे रेलायचं, दोनदा डुलायचं, कुठे करकरतंय का ऐकायचं आणि उठायचं. एवढ्यासाठी पगार घेणारा माणूस मॅनेजरांच्या डोळ्यांत जरा सलायचाच.

त्या दिवशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी अधिकारी बाई आल्या होत्या. आठशे खुर्च्या हव्या होत्या. ही ऑर्डर हुकली तर दुसरी पाळी बंद, असं मालकांनी सांगूनच टाकलं होतं.

मॅनेजरांनी नमुन्याच्या खुर्चीच्या लेबलावर बोट ठेवून छाती फुगवली. “आमच्याकडे सगळं लिहिल्याबरहुकूम चालतं, मॅडम. थांबा, दाखवतोच.” आणि त्यांनी पैलवानाला केबिनमध्ये बोलावलं.

पैलवान आला, बसला, रेलला. दुसऱ्यांदा डुलताना टर्रकन काहीतरी फाटलं आणि त्याच्या सदऱ्याखालून लोखंडी नट घरंगळू लागले. आधी एक, मग दोन, मग मूठमूठभर. एक तर थेट बाईंच्या चपलेपाशी जाऊन थांबला.

“पैलवान, सदरा वर कर!” मॅनेजर ओरडले.

सदऱ्याला आतून सहा चोरखिसे शिवलेले होते. फाटलेला एक सोडला तर सगळे नटांनी गच्च भरलेले.

“चोरी? आणि तीही पाहुण्यांसमोर?”

“चोरी कसली, साहेब? संध्याकाळी सगळे परत ठेवतो की. स्टोअरच्या ताईंना विचारा.”

स्टोअरच्या ताई आल्या, नट बघितले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे हे होय! तीन महिने दुपारी नटांचं वजन केलं की बारा किलो कमी, सुटताना केलं की बरोबर. मी तीनदा काटा दुरुस्तीला पाठवला, साहेब!”

“पण अंगावर लोखंड घेऊन हिंडायचं कशाला?” बाईंनी विचारलं.

पैलवान लाजला. “डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर गुडघे गेले. बायकोनं ताटावर पहारा बसवला. बारा किलो उतरलो. आता लेबलावर एकशेवीस आणि खुर्चीत एकशेआठ! खोटं कसं बसायचं? मग तिनंच खिसे शिवून दिले.”

“आणि गुडघे?”

“त्यांना सांगितलंय, ड्युटीपुरतंच सहन करा.”

मॅनेजर आ वासून बघत राहिले. तीन महिने, बारा किलो लोखंड, आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही! एवढा मोठा माणूस आपल्याकडे नोकरीला आहे, या विचारानं त्यांना भरूनच आलं.

“दिवसभरातल्या किती खुर्च्यांवर बसतात हे?” बाईंनी मॅनेजरांना विचारलं.

‘सगळ्या’ हा शब्द जिभेवर तयारच होता. रोजच्या सवयीचा. पण समोर पैलवान एका हातानं गुडघा धरून नट वेचत होता, आणि शब्द काही बाहेर पडेना.

“दहातल्या एकीवर,” मॅनेजर म्हणाले. “लेबल मात्र दहाही खुर्च्यांना लागतं. हुकूम माझाच.”

पैलवानानं मान वर केली. “साहेब, बाकीच्या नऊंवर दुसऱ्या पाळीचा माणूस बसतो ना?”

आठशे खुर्च्या गेल्याच, असं समजून मॅनेजर खाली वाकले आणि मुकाट्यानं नट वेचू लागले.

बाईंनी पर्स उचलली. “मला दहातली ती तपासलेलीच द्या.”

“म्हणजे ऐंशी?”

“आठशे. एकूण एक बसून तपासलेली. दहा दिवसांत.”

आता ऐंशी खुर्च्या रोज, हे काही एका माणसाच्या गुडघ्यांचं काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर स्वतः काट्यावर उभे राहिले. बहात्तर भरले. ताईंनी अठ्ठेचाळीस किलो नट काटेकोर मोजून दिले, आणि खिशांत मावेनात ते पिशव्यांतून मांडीवर ठेवले.

“असं अवघडून नाही बसायचं, साहेब,” पैलवान म्हणाला. “रेला. हां. आता डुला.”

मॅनेजर डुलले. खुर्ची बारीकशी करकरली. पैलवानानं नुसतं मॅनेजरांकडे पाहिलं.

“तुम्ही नका सांगू, पैलवान, मी ऐकलं,” मॅनेजर म्हणाले. “ही बाद. आणि आता मला कुणीतरी उठवा.”