तात्या आणि लग्नाचा प्रश्न

मी ज्या शाळेत शिकवायचो, तिथल्या सखारामतात्या मास्तरांना साधं उत्तर दिलं, की ते लगेच म्हणत, "मी काय विचारलं, सांग बघू." कर्जत स्टेशनवरचा चहावाला त्यांना बघून पाठ फिरवायचा. चहा गरम आहे, एवढं म्हणून त्याची सुटका नव्हती. गरम म्हणजे त्याला काय वाटलं, तेही सांगावं लागे. भयंकर माणूस!

एक्केचाळीस सालची शिरगणती जवळ आली तेव्हा कचेरीने मास्तर लोकांना जुंपलं. लग्नाबद्दलचा प्रश्न लोकांना नीट कळतो का, हे आधी जोडप्यांना विचारून बघायचं होतं. तात्यांना हर्ष झाला. त्यांच्या जोडीला माझी वर्णी लागली. नशीब माझं, दुसरं काय!

भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये, लग्न झालंय का, यावर एक फिटर म्हणाला, "दोनदा." हे त्याच्या बायकोने त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही चहा न घेताच सटकलो. पुढच्या गावात पहिला नवरा वारलेली एक बाई आपलं लगीन नाय, पाट हाय म्हणाली, आणि नवरा लगीनच म्हणून अडून बसला. दोघं आमच्यादेखत भांडली. तात्या खूश.

खोपोलीच्या वरच्या आदिवासी वाडीत मात्र प्रकरण हातघाईवर आलं. पोलीसपाटील सोबत होते. मंगळ्या नावाच्या गड्याला तात्यांनी विचारलं, लग्न झालंय का? तो सरळ म्हणाला, "नाय."

मागे दारात कमळी नावाची बाई उभी, कडेवर पोर. पाटलांनी मंगळ्याचं मनगटच धरलं. ही पळवून आणलेली बाई, हिला आजच बापाकडे पोचवतो, म्हणाले. कमळीने पोर छातीशी आवळलं. झोपड्यांतून कोयते घेतलेली माणसं बाहेर आली. मी तात्यांचा कोट ओढू लागलो.

तात्या हलले नाहीत. मंगळ्याला म्हणाले, "मी काय विचारलं, सांग बघू."

"मांडव घातला का, वाडीला जेवान दिलं का, त्ये इचारलं तुमी. भात हाती आलं की करू."

वाडीची रीतच ती. आधी संसार, मग सवडीने लग्न. कधीकधी पोरांबरोबर आईबापांनाही हळद लागते. तात्या पाटलांपुढे जाऊन उभे राहिले. "पाटील, प्रश्न माझा चुकला. त्याचा हात सोडा." मग मंगळ्याला विचारलं, "तापाने फणफणलास तर उशाशी कोण बसतं?"

त्याने कमळीकडे बोट केलं. "हीच की."

हे नवराबायको आहेत, कचेरीला मी तसंच कळवणार, मग हिला नेल्याचा जाब तुम्ही द्या, असं तात्यांनी पाटलांना सुनावलं. पाटलांनी कुरकुरत हात सोडला. कमळी तिथेच खाली बसली आणि रडू लागली.

डोंगर उतरताना तात्या माझ्या पुढे झपाझप चालत होते. त्यांची बायको कित्येक वर्षं पोशीरला भावाकडे राहते, हे सगळ्या कर्जतला ठाऊक होतं. विचारायची कुणाची छाती नव्हती. ओढ्यापाशी थांबून ते म्हणाले, "माझं लग्न वाजतगाजत झालं रे. गेल्या हिवतापात उशाशी नुसता तांब्या होता."

मला गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच ते धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात हजर. पोशीरला निघाले होते.

"तिला एवढंच विचारणार आहे, घरी येतेस का," ते म्हणाले. "तुला काय वाटतं रे, कळेल ना तिला?"