पंपाची खरखर आणि हिरोजी तांडेलाचे गलबत

श्री सिंधुपतीचे चरणी मस्तक ठेवोन वर्तमान लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन वद्य प्रतिपदेस बंदरावर मोठा कठीण प्रसंग गुदरला. बंदरामागे खोलगट पेठ, भरतीचे पाणी तीत शिरे, म्हणोन महाराजांनी पंप बसविला, आणि त्यास वीज तोडून-जोडून हवी तैसी पुरविणारे यंत्र चिमाबाई साठम यांनी स्वहस्ते सिद्ध केले. बाई विद्येत निपुण, बोलणे थोडके, यंत्राचा अभिमान भारी. त्या दिवशी दोन प्रहरी उधाण आले, वारा पिसाळला, आणि बाईंनी पंप चालविला तो पाणी हटू लागले. मग वायरलेसवाले धाकोजी मयेकर हातसंच घेऊन धापा टाकीत आले आणि बोलिले, "बाई, तुमचा पंप सुरू जाहला आणि माझा वायरलेस बहिरा जाहला. गलबते खडकांच्या तोंडाशी आहेत, त्यांस वाट सांगू कैसी?"

बाई म्हणाल्या, "यंत्र चोख आहे. तुमचा वायरलेसच जुना."

"मग पळभर बंद करा, आणि तुम्हीच ऐका."

बाईंनी पंप थांबविला, आणि खरखर विरली, आणि खडकांशी आलेल्या एका गलबतावरून हिरोजी तांडेलाचा आवाज स्पष्ट उमटला, "बंदर, डावी धरू की उजवी?" धाकोजी बोलू लागले, इतक्यात पेठेतून हाकाटी आली की पाणी दवाखान्याच्या उंबऱ्याशी लागले, आणि बाईंनी घाबरोन कळ दाबिली, आणि धाकोजींचे "उजवी" हे उत्तर खरखरीत बुडाले. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

तो महाराज स्वतः आले आणि पुसते जाहले, "पेठ राखावी की गलबते?"

"दोन्ही राखू, महाराज. पण पंप अर्धी घटका थांबेल. दवाखान्यातील माणसे माडीवर न्यावी. दोष माझ्या यंत्राचा आहे."

महाराज दवाखान्याकडे धावले. ते पाण्यात उतरले आणि आजाऱ्यांस उचलू लागले. मग बाईंनी वीज तोडविली. यंत्रापासून पंपापर्यंतची तार लांब आणि उघडी होती. यंत्र क्षणात हजारो वेळा वीज तोडी, आणि प्रत्येक तोडीचा ठसका त्या तारेवाटे अँटेनावरून सुटावा तैसा आसमंतात सुटे. ठसका आत कोंडोन ठेवणारी, जाळीच्या कवचाची तार कोठीत होती, परंतु काम लवकर उरकावे म्हणोन बाईंनी ती बसविली नव्हती. ती आता आखूड तोडोन जोडिली, कवच दोन्ही टोकांस धातूच्या पेटीशी घट्ट आवळिले, आणि यंत्राच्या तोंडाशी उरले ठसके गाळणारा फिल्टर बसविला. पाणी पायरी पायरी चढत होते, धाकोजी बत्ती धरोन उभे होते.

वीज आली, पंप घुमला, आणि बाईंनी वायरलेस कानाशी धरिला. किंचित सळसळ, आणि तीतून माणसांचे बोलणे. धाकोजी एकेका गलबतास नाव घेऊन वाट सांगू लागले, आणि गलबते बंदरात येऊ लागली. हिरोजींस त्यांनी पुनःपुन्हा हाक मारिली. उत्तर आले नाही. सांजेस त्यांचे खलाशी फळ्या धरोन किनाऱ्यास लागले, आणि म्हणाले, तांडेलांनी डावी धरिली, गलबत खडकावर फुटले, आणि ते त्यासवेच बुडाले.

पेठ वाचली, दवाखान्यातील एकही माणूस दगावला नाही. महाराजांनी वस्त्रे देऊ केली, ती बाईंनी घेतली नाहीत. हिरोजींच्या घरी गेल्या आणि झाले ते आपल्या तोंडाने सांगितले. पुढे राज्यात हुकूम जाहला की कोणतेही नवे यंत्र चालवोन, शेजारी वायरलेस धरोन ऐकिल्यावाचून कामास लावू नये. झाले ते लिहिले, अधिक उणे नाही.