दोघे भाऊ आणि अडलेला खटका

अभिमनने धुळ्याहून निघतानाच मिश्रीलालशेठच्या दुकानात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की यंदा श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला आबा आणि नाना एका फोटोत येणार. शेठजींच्या जावयाने वापरलेला एक डबा कॅमेरा तिथून विकत घेऊन त्याने गळ्यात असा अडकवला होता, जणू जिल्ह्याचा कारभारच त्याच्या छातीवर लोंबतोय.

फोटोचं कारण मोठं होतं. अभिमनचे वडील भटूआबा शेत करत आणि धाकटे काका लोटननाना दीपनगरच्या वीजघरात नोकरीला. बांधावरच्या एका बोरीवरून दोघांचं बोलणं तुटलं, त्याला सात वर्षं झाली. बोर वाळली, भांडण मात्र हिरवंच राहिलं. चुली दोन झाल्या, पण कुळाचा रोट, देवीचा नैवेद्य, एकच. श्रावणातल्या त्या दिवशी दोघांना एका छताखाली जेवावंच लागे. बोलायचं झालं तर मध्ये माणूस लागे. “त्याले सांग,” असं एकजण म्हणे, आणि सांगणारा अभिमन असे. तीन हातांवर बसलेल्या माणसांचा तो सात वर्षं टपालवाला.

सोमवारी सकाळी, कानबाई गिरणा नदीत शिरवायला निघायच्या आधी, अभिमनने दोघांना ओट्यावर शेजारी बसवलं. नाना दुपारच्या गाडीने परत जाणार होते. ऊन कोवळं, दुधावरच्या सायीसारखं. आबांनी टोपी सारखी केली, नानांनी मिशी. अभिमनने श्वास रोखून खटका दाबला.

खटका हललाच नाही.

पुन्हा दाबला. जोर लावला. अंगठ्याला वळ उठला, पण डबा आपला उंबऱ्यावरच्या दगडासारखा मुका. अभिमनच्या अंगाचा तिळपापड झाला. शेठजींनी तर लेकीची शपथ घेऊन कॅमेरा ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं.

“त्याले सांग, शिलाई मशीननं तेल टाक एक थेंब,” नाना आभाळाकडे बघत म्हणाले.

“त्याले सांग, तेलवर धूय बसस,” आबा जमिनीकडे बघत म्हणाले.

अभिमनने ते इकडून तिकडे पोचवलं, तिकडून इकडे आणलं. मग त्याचा संयम संपला. रीळ आतमध्ये अडकलं असणार, आणि उजेडात डबा उघडला तर रीळ गेलं. म्हणून त्याने आईची जाड गोधडी ओढली आणि ओट्याच्या कोपऱ्यात तिच्याखाली शिरला. श्रावणातली उकाड्याची सकाळ, गोधडीत चार लुगड्यांची ऊब, नाकात जुन्या कापसाचा वास. त्या काळोखात तो रिळावरून बोटं फिरवत होता आणि मिश्रीलालशेठच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात समाचार घेत होता. मधेच त्याची आई, यशोदाबाई, येऊन गोधडीवरून हात फिरवून गेली. पोराला हुडहुडी भरली म्हणून काढा टाकायला गेली.

बाहेर मात्र पंचाईत झाली. टपालवाला गोधडीत.

मग आबा खाकरले. भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले की तेल टाकलं तर डबा कायमचा जाईल. भिंत काही बोलली नाही. आणि नानांना राहवलं नाही.

“भाऊ, तुले काय समजस त्यामधलं?”

गोधडीखाली अभिमनची बोटं थांबली.

“माले बठ्ठं समजस,” आबा कडाडले. “तू वीजघरमा राहस, तरी गावमा अंधारच शे.”

सात वर्षांचं साठलेलं असं सुटलं. तेलावरून विजेवर, विजेवरून बोरीवर, बोरीवरून त्यांच्या मायच्या हातच्या चटणीवर. ती चटणी तिखट की आंबट यावर मात्र दोघांचं लगेच जुळलं.

रीळ ठीकच होतं. डबा बंद करून अभिमन घामाने निथळत बाहेर आला, तर दोघे भाऊ त्याच्याकडे पाठ करून वाकलेले. नाना कोळशाने फरशीवर कॅमेऱ्याचं पोट काढून दाखवत होते आणि आबा ते चुकीचं ठरवत होते. तेवढ्यात काढा घेऊन आलेली यशोदाबाई खटक्याकडे बघून थबकली. नवी वस्तू घरात आली म्हणून रात्री तिने तो डबा कानबाईपुढे ठेवला होता. हळद, ओलं कुंकू, वर तुपाचं बोट. देवीपुढे काय कमी करायचं? खटक्याच्या फटीत ते सगळं रात्रभरात विटेसारखं वाळून बसलं होतं.

अभिमनने नखाने खरवडायला घेतलं, तर आईने हात धरला.

“देवीनं कुंकू शे ते. पुसानं नही.”

रिळाला दोष नाही, शेठजींना दोष नाही, आईला बोलायची सोय नाही, आणि देवीला तर नाहीच नाही! संतापाने अभिमनने डबा पोटाशी धरून दोन्ही अंगठ्यांनी खटका दाबला.

खट्.

खटका आत गेला तो गेलाच, परत वर आला नाही. ओट्यावर आवाज ऐकून दोघांनी माना वळवल्या आणि, आपण तयार नसताना फोटो काढला म्हणून, एका सुरात त्याला झापलं. तोवर डफ वाजू लागला आणि दोघे कानबाईमागे नदीकडे चालू पडले, चटणीवर बोलत.

जळगावला धुऊन आलेल्या फोटोत दोन पाठी होत्या. दोन टोप्या, एकमेकींना टेकलेल्या. अभिमन महिनाभर कुणाला तो दाखवेना. यशोदाबाईने मात्र तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

पुढच्या वर्षी अभिमनने कॅमेरा धुळ्यातच दुरुस्त करून आणला आणि आईपासून लपवून पेटीत ठेवला. सकाळी ओट्यावर आला, तर आबा-नाना आधीच येऊन बसले होते. नव्या टोप्या, खांद्याला खांदा, तोंडं भिंतीकडे.

“काढ आते,” भिंतीकडे बघतच आबा म्हणाले.