बिनसहीचा हुकूम

माई रिसबूड दूधवाल्याकडूनही लेखी घेतात.

"कल दूध नहीं आएगा, माई," असं तो एकदा सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला. माईंनी विचारलं, "क्यों नहीं आएगा?" तो म्हणाला, "बस, नहीं आएगा." माई आत गेल्या, वहीतलं पान फाडून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लिखकर दीजिए." त्याला लिहिता येत नव्हतं. मग मजकूर माईंनीच लिहिला, खाली तारीख घातली आणि शाईच्या पॅडवर त्याचा अंगठा टेकवला. दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर आलं.

"कागद दिसला की माणूस विचार करायला लागतो," माई मला म्हणाल्या.

वाराणसीत मंगला गौरीच्या गल्लीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे. माईंचं वय अठ्ठ्याहत्तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मिलिंद पुण्याला. सगळी नोकरी त्यांनी कचहरीत, म्हणजे इथल्या कोर्टात, टायपिस्ट म्हणून केली. हजारो हुकूम त्यांच्या बोटांखालून गेले आणि त्यातून त्यांचं एक मत तयार झालं: तोंडी हुकूम हा हुकूम नसतो. ज्याला सही करायची लाज वाटते, त्याने बंदी घालू नये.

हे मत त्या सगळीकडे लावतात. एका मंदिरात पुजाऱ्याने "औरतें यहाँ से आगे नहीं" म्हटलं, तेव्हा माईंनी पेन पुढे केलं. पुजारी पेनाकडे पाहत राहिला आणि माई पुढे गेल्या. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका विणकराला छतावर मौलूद, म्हणजे पैगंबराच्या जन्माचं पठण, करू नका असं कुणीतरी सांगितलं होतं. माईंनी त्याला विचारलं, "किसने कहा? दस्तख़त कहाँ हैं?" सही नव्हती. मौलूद झालं. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या मिरवणुकीला पोलीस चौकीवरून तोंडी मनाई आली, तेव्हा माईंनी चार परिच्छेदांचा अर्ज टाइप केला आणि पोच घेतली. मिरवणूक निघाली. त्या वर्षी गल्लीने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. भाषणात त्यांना 'धर्मरक्षक' म्हटलं गेलं. माईंनी ते भाषणही लेखी मागितलं, ते मात्र मिळालं नाही.

कुणाचा असा समज होईल की बाई सुधारक असाव्यात. तसं काही नाही. रोज पहाटे पंचगंगा घाटावर स्नान, मग सोवळ्यातला स्वयंपाक, एकादशीला पाणीसुद्धा मोजून. दुसऱ्याच्या घरचं पाणी त्या पीत नाहीत. माझ्याकडे येतात तेव्हाही तांब्या बरोबर असतो. मी एकदा म्हटलं, "माई, मी पण ब्राह्मणच आहे." त्या म्हणाल्या, "तू पत्रकार आहेस."

अशा बाईकडे शांती आली.

शांती मागच्या गल्लीत ब्लाउज शिवते. रस्त्याकडच्या एका भाड्याच्या खोलीत तिचं मशीन, तिची चूल आणि तिचा संसार आहे. त्याच खोलीत दर इतवारी सकाळी दहा वाजता पंधरा-सोळा माणसं जमून येशूची प्रार्थना करायची. एक ढोलक, एक मंजिरा, तासाभराचा कार्यक्रम. एका इतवारी दोन तरुण दारात उभे राहून मोबाइलवर चित्रण करून गेले. संध्याकाळी चौकीवरचा हवालदार आला आणि म्हणाला, "ये सब बंद करो." घरमालकाने त्यावर कडी केली: पुढच्या महिनाअखेरपर्यंत चौकीचं मिटवा, नाहीतर खोली खाली करा. प्रार्थना गेली असती तर तिच्यामागून घरही गेलं असतं, मशीनही.

माईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "बंद करो, ये किस काग़ज़ पर लिखा है?"

"काग़ज़ तो नहीं दिया, माई."

"मग बंद कसं काय झालं?" माई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, जणू चूक माझीच होती.

त्यांनी गणपतीच्या मिरवणुकीचा जुना अर्ज काढला आणि त्यातली नावं बदलून नवा टाइप केला. "कायदा तोच, मजकूर तोच. फक्त अर्जदार बदलला," त्या म्हणाल्या. घाईत तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य तसंच राहिलं. चौकीतल्या दरोग्याने, म्हणजे फौजदाराने, अर्जातलं तेवढंच वाक्य नीट वाचलं आणि हसत हसत सगळ्यांना मोठ्याने ऐकवलं: "मूर्ति का विसर्जन शांतिपूर्वक किया जाएगा. माताजी, ये ईसाई लोग विसर्जन किसका करेंगे?"

सगळी चौकी हसली. माईंनी अर्ज परत घेतला, वाक्यावर रेघ मारली, बाजूला दस्तखत केलं आणि म्हणाल्या, "ग़लती मेरी थी, मैंने दस्तख़त कर दिए. अब जो आपने कहा है, उस पर आप कर दीजिए."

दरोगा हसायचा थांबला. म्हणाला, "ऊपर से बात करनी पड़ेगी."

वर म्हणजे कुठे, हे पाच आठवडे कुणी सांगितलं नाही. दर इतवारी सकाळी माई तांब्या घेऊन चौकीच्या बाकावर बसत. दर इतवारी उत्तर मिळे, "आज साहब नहीं हैं." बंदी घालणारा हवालदार होता, बंदी पाळणारी शांती होती. सही करणारा मात्र या शहरात सापडत नव्हता.

याच काळात गल्लीही बदलली. शाल देणाऱ्या मंडळींपैकी दोघं माईंच्या ओट्यावर आली. "माई, गणपतीचं ठीक होतं," एक जण म्हणाले, "हे आपलं नाही."

"अर्ज तोच आहे रे," माई म्हणाल्या. "वाचून बघ. तुझीच वाक्यं आहेत त्यात."

"पण लोक काय म्हणतात..."

"लोकांना म्हणावं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. हळदीकुंकवाची बोलावणी बंद केली, तीही तोंडीच. मोबाइलवर मात्र एक फोटो फिरला. बाकावर शांतीशेजारी बसलेल्या माई, आणि खाली 'धर्मांतर की दलाल'. खाली कुणाचंही नाव नव्हतं. मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या. नाव न लावता कुणाला दलाल म्हणण्याएवढं सोपं काम मला कधी कुणी दिलं नाही.

मग एक परिषद झाली. छावणी भागातल्या एका मोठ्या हॉटेलात जगभरच्या धर्मस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांचा मेळावा होता. पांढरे, काळे, भगवे, मरून झगे, कोटावर बिल्ले. शेवटच्या सत्रात 'स्थानिक अनुभव' म्हणून माईंना पाच मिनिटं दिली होती. त्याआधी दीड तास धर्मस्वातंत्र्य हा मानवतेचा श्वास कसा आहे यावर बोलणं झालं. माई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी डोकावलं. वक्त्यांच्या नावांपुढे त्यांनी रकाना आखला होता: 'कधी, कुठे, कुणासाठी'. रकाना रिकामा होता.

माईंनी पाचातलं एकच मिनिट घेतलं. म्हणाल्या, "इतवार को सुबह दस बजे चौकी पर आइए. मेरे साथ बैठना है, बोलना कुछ नहीं. बड़े लोग बैठे दिखेंगे तो साहब मिल जाएँगे." दुभाष्याने त्याचं भाषांतर केलं, ते तीन मिनिटं चाललं. सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या झाल्या. एका पाहुण्याने डोळे पुसले. सगळ्यांनी हात उंचावून एकमेकांचे धरले आणि फोटो निघाला. माईंचे दोन्ही हात दोन देशांनी धरले होते.

इतवारी दहा वाजता चौकीच्या बाकावर माई, शांती आणि मी असे तिघं होतो. साडेदहाला आयोजकांचा निरोप आला, पाहुणे नावेतून घाट बघायला गेलेत, मनःपूर्वक आपल्यासोबत आहेत. माईंनी निरोप दोनदा वाचायला लावला.

"मनःपूर्वक बाकावर बसता येत नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हाच ऐकला.

त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. माझ्याकडे प्रिंटर आहे. मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "एवढं छापून दे." मिलिंदचा निरोप होता. पुण्याला त्याच्या सोसायटीत तो 'दलाल'वाला फोटो पोचला होता. चार ओळी होत्या: आई, हे थांबव. सासरची मंडळी विचारतात. थांबवणार नसशील तर मी यापुढे फोन करणार नाही. काळजी घे.

मी छापलेला कागद त्यांच्यापुढे धरला. माई म्हणाल्या, "फोनवर हेच म्हणाला. मी सवयीने म्हटलं, लिहून दे." कागद त्यांनी हातात घेतला, नीट घडी घातली. "लिहून देणारा तेवढा एकच निघाला."

घरमालकाची मुदत संपायला चार दिवस उरले. माईंनी चौकीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं: सहा वेळा विचारणा केली, एकदाही लेखी आदेश मिळाला नाही, सबब बंदी अस्तित्वात नाही, येत्या इतवारी दहा वाजता प्रार्थना होईल. एक प्रत शांतीच्या दारावर चिकटवली, एक घरमालकाला दिली. घरमालक म्हणाला, "और कुछ हुआ तो?"

"मैं दरवाज़े पर बैठूँगी," माई म्हणाल्या. "हर इतवार. पहले मुझे उठाना पड़ेगा."

त्या इतवारी कडाक्याची थंडी होती. माई शाल गुंडाळून शांतीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. मी पायरीवर. दहाला आत ढोलक वाजायला लागलं.

"ताल बघ," माई पुटपुटल्या. "एकाचा एकाला मेळ नाही. पण वाईट गाणं हा काही गुन्हा नाही."

ते दोघं तरुण आले. मोबाइल उंचावून एकाने विचारलं, "माताजी, आप हिंदू होकर यहाँ?"

"मैं तो पंचगंगा में नहाकर आई हूँ, बेटा. तुम नहाए?"

चहावाला खो खो हसला. तरुण थोडा वेळ घुटमळले. मग हवालदार आला, दारावरचं पत्र दोनदा वाचलं, त्याचा फोटो काढला आणि कुणाला फोन केला. बराच वेळ ऐकून घेतल्यावर फोन खिशात टाकला आणि तरुणांना म्हणाला, "चलो, भीड़ मत लगाओ." गल्लीच्या तोंडापर्यंत तो त्यांच्याबरोबर गेला. घरमालक वरच्या खिडकीतून बघत होता. त्याने खिडकी लावून घेतली.

आत गाणं संपलं होतं. आता एकेक जण आपल्या माणसांची नावं घेऊन मागणं मागत होता. कुणाची सून बाळंत व्हायची होती, कुणाच्या बापाचा खोकला होता. मग पडद्याआडून शांतीचा आवाज आला: "और प्रभु, माई का बेटा, पूना वाले मिलिंद भैया. उनका मन नरम कर दो. वो अपनी माँ को फ़ोन करें."

सोळा जणांनी "आमेन" म्हटलं.

मी शांतीला काही सांगितलं नव्हतं. मी माईंकडे पाहिलं. त्या गल्लीकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या आणि माझ्याकडे मुळीच बघत नव्हत्या. आतल्या मागण्या चालूच होत्या. थोड्या वेळाने माईंनी पायांतल्या चपला काढल्या, खुर्चीखाली सारल्या आणि दोन्ही अनवाणी पाय गल्लीच्या गार दगडावर टेकवले.