बावीस कुंड्यांची खोली

चाळीस वर्षं मी फ्रिज दुरुस्त केले. बंद जागेत पालेभाजी कशी टवटवीत ठेवायची, हे मला कुणी शिकवू नये! असं मी मेहुणीला तोंडावर सांगितलं आणि तिथंच फसलो.

झालं होतं असं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या बावीस कुंड्या गॅलरीत होत्या. समोर नवी इमारत उठली, गॅलरीतलं ऊन गेलं आणि पानं गळायला लागली. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती घरात आली की मी आधी शर्टाची बटणं तपासतो.

"भाऊजी, कुंड्या मी घेऊन जाते. तुमच्याकडे त्या जगायच्या नाहीत."

"का? मी जगलोच ना?"

"तुमचं अजून नक्की नाही."

त्या कुंड्या दुसऱ्याच्या गच्चीत जाणार, हे मला पटेना. मी महिन्याची मुदत मागितली.

"दिली," ती म्हणाली. "महिन्यानं टेम्पो घेऊन येते. झाडं सुधारली नसतील तर सगळ्या कुंड्या उचलणार!"

दुसऱ्याच दिवशी अडगळीची खोली रिकामी केली. भिंतींना थर्माकोल लावला, त्यावर चकचकीत चंदेरी कागद. छताला चार ट्यूब, कोपऱ्यात पंखा, दाराला चारी बाजूंनी रबर आणि बाहेरून खटका. सरावाचं काम! हात आपोआप चालत होते, डोक्याला काही त्रासच नव्हता. बावीसही कुंड्या आत मांडल्या. दार उघडलं की असा लखलखाट, की लेक म्हणाली, "बाबा, इथं ऑपरेशन करता येईल!"

आठवड्यानं पानं पिवळी पडली. दोन आठवड्यांनी देठ लांबले आणि झाडं दमलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांवर रेलली.

लेकीनं एक पान नर्सरीवाल्याला दाखवून आणलं.

"बाबा, तो म्हणतो, झाड अंधारात आहे."

"अंधारात? चार ट्यूब आहेत! मला आत डोळे किलकिले करून जावं लागतं!"

"मी तेच सांगितलं त्याला."

"मग?"

"मग तो म्हणाला, तुमच्या बाबांचे डोळे तपासा."

मी नर्सरीवाल्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि स्वतः निदान केलं. उजेड जास्त होतोय! पोळतायत बिचारी! झाडांवर जुना पडदा टाकला. आणखी पिवळी पडली. दुसरा पडदा टाकला. तिसऱ्यासाठी हॉलच्या खिडकीचा काढायला गेलो, तेव्हा लेक आडवी आली.

महिना संपला. मेहुणी आली. खाली टेम्पो उभा. मी दार उघडलं. लखलखाट! मेहुणीनं पडदे उचलून एकेक कुंडी पाहिली, नापास मुलांची वही पाहावी तशी.

"एवढा उजेड, एवढी हवा, तरी ही दशा? भाऊजी, खोलीत दोष नाही. दोष तुमच्या हातात आहे."

"हातात? अगं, हे दार तरी बघ! मुंगी शिरणार नाही!" मी आत जाऊन उभा राहिलो. "ढकल बाहेरून. कसं बसतं बघ!"

तिनं ढकललं. खट्ट! दार बसलं.

आणि काळोख झाला.

मला वाटलं, वीज गेली. पण पंखा फिरत होता. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत तेवढाच. फ्रिजच्या दाराशी एक बटण असतं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि आतला दिवा बंद होतो. ते बटण मी इथंही बसवलं होतं! कुणी सांगितलं नव्हतं. हातांनी बसवलं. आत काम करताना मी दार उघडंच ठेवायचो, म्हणून मला कायम लखलखाट. झाडं महिनाभर काळोखात, वर दोन पडदे!

"बसलं हो घट्ट!" बाहेरून मेहुणी. "आता कुंड्या उचलू?"

गप्प बसलो असतो तर चाळीस वर्षांची अब्रू राहिली असती आणि कुंड्या गेल्या असत्या. कानाला एक पान लागत होतं. कुठल्या झाडाचं, ते कळत नव्हतं. बायकोला कळलं असतं.

"थांब!" मी ओरडलो. "दोष हातातच आहे! मी फ्रिज बांधलाय!"

दार उघडलं. सगळं सांगितलं. मेहुणी आधी हसली नाही. मग जी हसायला लागली ती जमिनीवरच बसली. बहीण गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत तिनं टेम्पो परत पाठवला.

"आणखी एक महिना," ती म्हणाली. "आणि ते पडदे धुऊन टाका!"

बटण मी तिच्यासमोर पकडीनं तोडलं, बाहेरचा खटकाही काढला. बावीसपैकी एकोणीस झाडं तगली.

आता रोज मी आत जाऊन दार लावून घेतो. लेकीला वाटतं, बाबा आईची आठवण काढत बसतात. ती मावशीला फोनवर हळू आवाजात तसं सांगतेही. तसलं काही नाही. दार लागल्यावर ट्यूब चालू राहतात की नाही, एवढंच बघतो. दिवसातून चार वेळा. दर वेळी अर्धा तास लागतो. तपासायचं तर नीट तपासावं लागतं!