सरावाचं आकाश

एका जंगलात, मुलांनो, एक मोठं तळं होतं. थंडी पडली की उत्तरेकडून पक्ष्यांचे थवे तिथे उतरायचे. कुणी कुठून यायचं आणि कुठे उतरायचं, हे काठावरच्या खडकावरून सगुणा टिटवी ओरडून सांगायची. बारा वर्षांत तिने दोन पक्ष्यांची टक्कर होऊ दिली नव्हती.

तळ्याकडे यायची सरळ वाट तांबड्या माळावरून होती. पण दोन वर्षांपूर्वी गरुड सेनापतींनी माळावरचं आकाश सैन्याच्या सरावासाठी घेतलं. तेव्हापासून थवे तीन डोंगरांना वळसा घालून येऊ लागले. काही पोहोचायचे. जे पोहोचायचे नाहीत, त्यांची नोंद 'उशिरा येणार' अशी व्हायची.

एके दुपारी पारू चक्रवाकीण थवा घेऊन आली. माळाच्या कडेशी घिरट्या घालत ती म्हणाली, "सगुणाबाई, दोन पिल्लं आहेत बरोबर. पहिलाच प्रवास आहे त्यांचा. डोंगर नाही झेपायचे."

सगुणाने पहाऱ्यावरच्या ससाण्याला विचारलं, "माळावर सराव चालू आहे का?"

"ते गुपित आहे."

"मग बंद आहे का?"

"तेही गुपितच. अर्ज करा. सात दिवसांत कळवू."

पिल्लं एव्हाना खाली खाली येऊ लागली होती. सगुणा उडाली आणि स्वतःच माळावर जाऊन बघून आली. आकाशात चिलटही नव्हतं. सैन्य कडुलिंबाच्या सावलीत घोरत होतं. सेनापती नदीकाठी मासा खाऊन पंख वाळवत बसले होते.

"पारूताई, सरळ या," सगुणा ओरडली.

थवा सरळ आला. दोन्ही पिल्लं धडपडत पाण्यात उतरली. सगुणाने ती पुन्हा पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

सेनापती म्हणाले, "आमच्या आकाशातून तेरा पक्षी गेले."

"गेले, महाराज. तेराही सुखरूप आहेत."

"धडक झाली असती तर?"

"कुणाशी, महाराज?"

ससाणा आपल्या नखांकडे बघत राहिला. सेनापतींनी घसा खाकरला आणि सैन्याचं गुपित फोडल्याबद्दल सगुणाला कामावरून काढलं.

तिच्या जागी वटवाघूळ नेमलं गेलं. ते दिवसभर उलटं लटकून झोपायचं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. पुढे सेनापतींनी तळ्यावरचं आकाशही सरावासाठी घेतलं. मग थवे यायचेच थांबले, आणि 'उशिरा येणार'ची वही कोरी राहिली. या शिस्तीबद्दल सेनापतींच्या गळ्यात मानाचा हार पडला.

सगुणा पारूच्या थव्याबरोबर दुसऱ्या तळ्यावर गेली. तिथे ती खडकावर बसते आणि वर बघून वाट सांगते. तिथल्या लोकांना अजून ते चालतं.

तात्पर्य : आकाश रिकामं आहे की नाही, हे आकाशाकडे बघून ठरवू नये. त्यासाठी अर्ज करावा.