आबासाहेब वाघांची तोंडी परीक्षा

एका जंगलात सगळं नीट चाललं होतं, बाळांनो, कारण तिथं कुणालाच कशाची व्याख्या येत नव्हती.

चितळं गवत खायची. आबासाहेब नावाचे वाघ अधूनमधून एखादं चितळ खायचे. उंबराच्या टोकावर शेंडेकाका नावाचे म्हातारे वानर बसलेले असायचे. आबासाहेब दिसले की ते 'खक्' करायचे. मग सगळे पळायचे. बहुतेक सगळे वाचायचे. जे वाचायचे नाहीत, त्यांची तक्रार कधी कुणाच्या कानावर आली नाही.

मग तिथं काटदरे सर आले.

काटदरे सर म्हणजे साळिंदर. जंगलाच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावातल्या शाळेच्या ओट्याखाली सरांचं बीळ होतं. वर मुलं दिवसभर जीवशास्त्राचे शब्द घोकायची. ते शब्द फरशीच्या फटींतून खाली गळायचे आणि सरांच्या कानात साठायचे. अशी बरीच वर्षं गेली. एका सुट्टीत कुणीतरी ओट्याला सिमेंट लावलं आणि बीळ बुजलं. सर मागच्या वाटेनं बाहेर पडले तेव्हा ते विद्वान झालेले होते. बेघरही झालेले होते, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

जंगलात आल्या आल्या त्यांनी मोहाच्या झाडाखाली शाळा काढली.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की गवत हे गवत नसून उत्पादक आहे आणि चितळ हे प्राथमिक भक्षक आहे. चितळांना फार बरं वाटलं. आजवर त्यांना कुणी भक्षक म्हटलं नव्हतं. ती छाती काढून चालू लागली.

गव्याला कळलं की आपल्या पोटात चार कप्पे आहेत. त्याला चार खोल्यांचा बंगला बांधल्यासारखं झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तो कप्पे मोजून दाखवू लागला. बेडकाला कळलं की आपण उभयचर. त्यानं लगेच तळ्यात एक आणि काठावर एक अशा दोन जागा अडवल्या. गांडुळाला कळलं की आपण एकाच वेळी नर आणि मादी आहोत. ते आधी नवरीसारखं लाजलं आणि मग आपण लाजलो म्हणून नवऱ्यासारखं चिडलं. खेकड्याला कळलं की आपण अपृष्ठवंशीय, म्हणजे आपल्याला कणाच नाही. तो बिळात जाऊन रडत बसला. सरांनी बिळाच्या तोंडाशी बसून त्याची समजूत घातली. कणा नसलेल्यांचीच संख्या जगात जास्त आहे, असं ते म्हणाले. तेव्हा कुठे तो बाहेर आला.

जंगलाला शब्दांचा कैफ चढला. कुणी घाम पुसत नसे, उत्सर्जन आवरत असे. कुणी वयात येत नसे, सगळ्यांची वाढ व विकास होत असे.

शाळेत सगळ्यात हुशार होती टिकली. ती तरुण चितळीण. ती एकदा ऐकलेली व्याख्या कधी विसरायची नाही. सरांचा प्रश्न अर्धा असतानाच तिचा पाय वर झालेला असायचा. इतरांचं चुकलं की तिच्या पोटात अक्षरशः कळ यायची.

आता सरांनी एक नियम केला. ज्याला जी क्रिया करायची असेल, त्यानं आधी तिची व्याख्या सांगायची. गव्याला रवंथ करण्याआधी रवंथ म्हणजे काय ते सांगावं लागे. एकदा तो मध्येच विसरला आणि संध्याकाळपर्यंत तोंडात घास धरून उभा राहिला. तरी कुणी कुरकुर केली नाही. शिस्त लागते आहे, असं सगळे म्हणाले.

एके दिवशी तास चालू असताना शेंडेकाकांनी 'खक्' केलं. सगळा वर्ग पळाला. परत आल्यावर सर फार नाराज दिसले. 'खक्' हा शब्द कुठल्या पाठात आहे, असं त्यांनी शेंडेकाकांना विचारलं. काकांना सांगता आलं नाही. तेव्हा सरांनी इशारा कसा द्यायचा ते त्यांच्याकडून घोकून घेतलं. काका म्हणाले, हे सगळं म्हणेपर्यंत आबासाहेब चालत असतात. सर म्हणाले की ज्याला वर्गीकरण येतं, त्याला भीती वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात आबासाहेब आले.

काकांनी घसा साफ केला. ते म्हणू लागले, "सृष्टी प्राणी. संघ पृष्ठवंशीय. गण मांसभक्षी..."

खाली सगळे कान टवकारून उभे होते. काही राहतंय का ते ऐकत होते. टिकलीच्या पोटात कळ आली.

"काका, वर्ग राहिला," ती म्हणाली.

"हो, हो. वर्ग सस्तन," काका म्हणाले. "गण मांसभक्षी. कुल मार्जार..."

तोवर टिकली आबासाहेबांच्या पंजाखाली होती. बाकीचे पळाले. काकांनी वरून प्रजाती आणि जातीही सांगितली, पण ती ऐकायला खाली कुणी उरलं नव्हतं.

खरं म्हणजे इथं टिकलीची गोष्ट संपायची. पण आबासाहेब विचारात पडले होते. झुडपामागून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आपल्याला इतकी नावं आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी पंजा न उचलता टिकलीला विचारलं, "पोरी, मार्जार म्हणजे काय गं?"

टिकली पंजाखाली दबलेली होती. पण प्रश्न आला की तिला उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.

"मांजर," ती म्हणाली.

आबासाहेबांनी आपल्या पंजाकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "मी?"

टिकली म्हणाली की हे सर नीट समजावून सांगतात, माझ्याकडून एखादा मुद्दा राहील. आबासाहेबांना ते पटलं. एवढी मोठी गोष्ट अर्धवट ऐकून जेवण गेलं नसतं. त्यांनी पंजा उचलला आणि टिकलीच्या मागोमाग ते मोहाच्या झाडाखाली आले.

वर्गाची पाचावर धारण बसली. सरांनी मात्र काटे फुलवले. लहानपणी असाच एक काटा आबासाहेबांच्या पंजात मोडला होता आणि तो सगळा हिवाळा ते लंगडत होते. ते मुकाट्यानं मागच्या ओळीत जाऊन बसले.

"वर्गात बसलास, आता नियम पाळायचा," सर म्हणाले. "आधी व्याख्या, मग क्रिया."

आबासाहेबांना आई गेल्यापासून कुणी 'तू' म्हटलं नव्हतं. ते एकदम लहान झाले. त्यांनी मान हलवली.

असं आबासाहेबांचं शिक्षण सुरू झालं, बाळांनो, आणि जेवण बंद झालं.

त्यांना काही म्हणजे काही पाठ होईना. पोषण म्हणजे काय, असं सरांनी विचारलं की ते शोषणाची व्याख्या सांगायचे. शोषण म्हणजे काय, असं विचारलं की पोषणाची. आणि गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं थोडी थोडी बरोबर वाटायची. झाडं स्वयंपोषी असतात, ऊन खाऊन जगतात, हे ऐकून त्यांना आशा वाटली. ते अंगाला पळसाची पानं चिकटवून उन्हात पडून राहिले. प्रकाशसंश्लेषण काही झालं नाही. नाक मात्र भाजलं. मग ते उंबरं खाऊन दिवस काढू लागले. अंगावरचे पट्टे ढिले पडले.

सरांनी त्यांना शिकवणी लावायला सांगितलं. शिकवणी अर्थातच टिकलीकडे.

त्या दिवशी चितळांचा सगळा कळप टिकलीभोवती जमला. तिची मावशी रडवेली होऊन म्हणाली की बाई, याला सगळं चुकीचं शिकव, म्हणजे हा कधी पास व्हायचा नाही. टिकलीलाही जीव प्यारा होता. ती बरं म्हणून गेली. आबासाहेबांसमोर बसली. पोषण म्हणजे, असं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि चुकीची व्याख्या काही बाहेर येईना. पोटात कळ यायला लागली. शेवटी तिनं बरोबर होती तीच सांगितली.

"सजीवांनी अन्न घेण्याच्या व ते वापरण्याच्या प्रक्रियेला पोषण म्हणतात."

घरी जाताना ती पाय ओढत चालली होती. आपण आपल्या माणसांना मारणार, असं तिला वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनीच मान खाजवत विचारलं की सजीव म्हणजे काय.

टिकलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सजीव म्हणजे पेशींचा बनलेला, असं तिनं सांगितलं. मग पेशी आली. पेशीत केंद्रक आलं. केंद्रकात गुणसूत्रं आली, गुणसूत्रांवर जनुकं आली. प्रत्येक शब्दाच्या पोटात आणखी एक शब्द होता आणि सगळे खरे होते. टिकली खुशीत उड्या मारत घरी जाऊ लागली. एक शब्दही चुकीचा न सांगता वाघाला उपाशी ठेवता येतो, हे तिनं शोधून काढलं होतं.

जनुकांवरून गाडी आनुवंशिकतेवर आली. आईवडिलांचे गुण मुलांत उतरतात त्याला आनुवंशिकता म्हणतात, असं टिकली म्हणाली. आबासाहेब थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आईनं मला कधी काही पाठ करायला लावलं नाही," ते म्हणाले. "तिनं फक्त एकदा डुक्कर दाखवलं."

टिकलीला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची दया आली. पुढचा शब्द तिनं दुसऱ्या दिवसावर ढकलला.

शेवटी तोंडी परीक्षा ठरली. पास झाले तर आबासाहेबांना जेवायची परवानगी मिळणार होती. म्हणून सगळं जंगल बघायला आलं. आबासाहेब अंगानं इतके सुकले होते की उभे राहिल्यावर त्यांना झाडाला टेकावं लागलं.

सरांनी विचारलं, "भक्ष्य म्हणजे काय?"

आबासाहेबांनी डोळे मिटले. ओठ हलले. आणि मग, काय सांगू बाळांनो, त्यांनी घडाघडा सांगितलं. "परपोषी सजीव पोषणासाठी ज्या सजीवाला खातो, त्याला भक्ष्य म्हणतात." एक अक्षर चुकलं नाही. टिकलीला अभिमानानं भरून आलं आणि लगेच तिनं मावशीकडे पाहिलं.

"उत्तम," सर म्हणाले. "आता एक उदाहरण दे."

आबासाहेबांना उदाहरण सुचेना. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, शेपटी चावली. प्रश्न हवेत तसाच लोंबकळत राहिला. आणि वर्गाची सवय वाईट. उत्तर येत असलं की कुणाला गप्प बसवत नसे. आधी टिकलीचा पाय वर गेला. मग मावशीचा गेला. मग सगळ्या कळपाचा गेला. गव्यानं शिंगं वर केली. बेडूक उड्या मारू लागला.

"मी, सर, मी," सगळे ओरडत होते. "सर, मी सांगतो. मी आहे, सर."

आपण काय म्हणतो आहोत, हे टिकलीच्या लक्षात आलं तेव्हा तिचा पाय वरच राहिला. आबासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी जिभेनं ओठ पुसले आणि तोंड उघडलं.

सरांनी काटे आपटले. उत्तर बाहेरून सांगितलं गेलं आहे, ते म्हणाले. एकदोघांनी नव्हे, अख्ख्या वर्गानं सांगितलं आहे. ही सामूहिक कॉपी आहे आणि परीक्षा रद्द.

आबासाहेब म्हणाले, "पण मी विचारलं नव्हतं, सर."

सरांनी ऐकलं नाही. आबासाहेब कुणाकडे न बघता वर्गातून निघाले. ते हळूहळू खिंडीपर्यंत गेले आणि खिंड ओलांडून पलीकडच्या जंगलात गेले. तिथं शाळा नव्हती.

जंगलात मोठा जल्लोष झाला. ज्ञानामुळे आपण वाचलो, असं ठरलं. सरांना मोहाच्या फुलांचा हार घातला. टिकलीचा पहिला नंबर आला. शेंडेकाका सेवानिवृत्त झाले. चितळांची संख्या वाढली, मग आणखी वाढली, आणि मग सकाळी गवताला तोंड लावायचं तर रात्रीपासून जागा धरावी लागू लागली. शेवटी गवत संपलं.

सरांनी यावरही पाठ घेतला. याला परिसंस्थेचा असमतोल म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांची व्याख्या तोंडपाठ झाली. पोटं मात्र खपाटीला गेली. टिकलीची मावशी व्याख्या म्हणता म्हणता खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

तेव्हा टिकलीनं सरांना विचारलं की यावर उपाय कुठल्या पाठात आहे. सरांनी पहिल्यांदाच काटे मिटले. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाले की आबासाहेबांचं उत्तर तसं बरोबरच होतं. ग्रेस मार्क देता येतील.

हे सांगायला टिकलीच गेली. आबासाहेब खिंडीपलीकडे एका खडकावर पडले होते. चांगले गुबगुबीत झाले होते. पास झाल्याचं ऐकून ते उठून बसले. टिकली घाबरेल म्हणून त्यांनी दात झाकले.

"उदाहरणाचे गुण दिले का?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण दिले," टिकली म्हणाली.

ते आले तेव्हा मोहाच्या झाडाखाली त्यांचा सत्कार ठेवला होता. शेंडेकाकांनी श्रीफळ म्हणून उंबर आणि पळसाची फुलं दिली. सर बोलायला उभे राहिले. अशा गुणी विद्यार्थ्याचा जंगलाला अभिमान आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी वर्गाकडे वळून विचारलं की आबासाहेबांचं अभिनंदन करायला कोण पुढे येतं.

जन्मात पहिल्यांदाच त्या वर्गात एकही पाय वर झाला नाही.

आबासाहेब म्हणाले, "असू दे. मी घेतो निवडून."

तात्पर्य: शिक्षण वाघालाही मिळालं पाहिजे, किंबहुना वाघाला जरा जास्तच. फक्त त्याला नापास करण्याआधी गवत किती उरलंय ते बघावं. आणि बाळांनो, उत्तर येत असलं, तरी प्रश्न कोणाच्या जेवणाबद्दल आहे ते ऐकून मगच हात वर करावा.